खुणेचा दोर

ब्युरेटच्या टोकाशी आलेला थेंब सुटण्याआधी क्षणभर लांबट होतो, कमरेत बारीक होतो आणि मग पडतो. तोटी बंद करायची ती त्या बारीक होण्याच्या क्षणी. पाणीपुरवठ्याच्या प्रयोगशाळेत लागल्यापासून थोरलीने हे इतक्या वेळा केलं होतं, की डोळे आणि बोटं यांच्यामध्ये तिला स्वतःला पडावं लागत नसे. फ्लास्कमधलं पिवळं पाणी जेमतेम विटकरी झालं की बोटं थांबायची. गेल्या काही महिन्यांत मात्र थेंब तिच्या आधी सुटायला लागला होता. पाणी चांगलं भाजक्या विटेसारखं लाल व्हायचं, नमुना फुकट जायचा, आणि ती गुपचूप दुसरा घ्यायची.

तिने तोटीला दोष दिला. तोटी बदलून झाली. मग टेबलाला दोष दिला, त्याच्या पायाखाली पुठ्ठ्याची घडी सरकवली. शेवटी एकदा खोलीत कुणी नाही असं बघून तिने हात टेबलावर पालथा ठेवला आणि बोटांवर कागदाचा एक कपटा ठेवला. कपटा हलत होता. पंखा बंद केला, तरी हलत होता.

हे कुणाला सांगण्यासारखं नव्हतं. प्रयोगशाळेत हात थरथरला तर फार तर एक नमुना वाया जातो. पण थोरलीच्या हातात आणखी एक गोष्ट असायची.

ते शहर पोकळ जमिनीवर उभं होतं. पूर्वी तिथे दगडाची खाण होती. दगड संपला, खाण बंद पडली, वर घरं झाली आणि खालचे बोगदे लोक विसरून गेले. बोगदे काही कुठे गेले नव्हते. एखादी पाइप गळायला लागली की पाणी आतल्या आत माती धुऊन न्यायचं. वरची फरशी जशीच्या तशी दिसायची, आणि एक दिवस कुणाच्या तरी पायाखाली ती बसायची. अग्निशमन दलाची गाडी दुसऱ्या शहरातून यायची, तोवर खालच्या माणसाचं व्हायचं ते होऊन गेलेलं असायचं. म्हणून थोरलीच्या सासऱ्यांनी, जे त्याच खाणीत मुकादम होते, एक पथक उभं केलं. पगार नाही, गणवेश नाही. फोन आला की हातातलं काम टाकून निघायचं. त्यात वेल्डर होता, शिंपी होता, शाळेची बस चालवणारा ड्रायव्हर होता, आणि आणखी सात-आठ जण.

पद्धत सासऱ्यांनीच घालून दिलेली. खाली उतरणाऱ्याचं वजन जाड दोरावर. तो दोर तिपाईला टांगलेल्या कप्पीतून यायचा आणि तिघे-चौघे मिळून धरायचे. पण उतरणाऱ्याच्या मनगटाला आणखी एक दोर असायचा, करंगळीएवढा. तो खुणेचा दोर. भोकात आवाज घुमतो, शब्द कळत नाहीत, वॉकीटॉकी पहिल्या वळणापलीकडे नुसती खरखरते. म्हणून बोलायचं ते दोराने. एक झटका म्हणजे थांब. दोन म्हणजे खाली. तीन म्हणजे वर. आणि दोर नुसताच हलत राहिला तर सगळं सोड आणि वर ये, जमीन सुटतेय. हा दोर पथकाचा प्रमुख धरायचा, दुसरं कुणी नाही. सासऱ्यांचे गुडघे गेले तेव्हा त्यांनी तो दोन मुलगे सोडून थोरल्या सुनेच्या हातात दिला. "हिचा हात शांत आहे," एवढंच म्हणाले. मुलग्यांना वाईट वाटलं नाही. दोघंही स्टुलावर चढून बल्ब बदलायला घाबरायचे.

हात शांत होता तो बाजारामागच्या गल्लीतल्या त्या दिवसापर्यंत. ड्रायव्हर खाली होता आणि भोकाची कड ढासळली. तिपाईचा एक पाय हवेत आला. वेल्डरने अंग टाकून तो दाबून धरला, बाकीच्यांनी ओढलं, ड्रायव्हर वर आला. अंगावर ओरखडासुद्धा नव्हता. सगळे हसले, एकमेकांच्या पाठीवर थापा मारल्या. थोरलीही हसली. घरी येऊन तिने पडलेली भांडी घासली, शेवटचा पेला उपडा घातला आणि मग तिथेच, मोरीच्या कट्ट्याला टेकून खाली बसली. उठायला बराच वेळ लागला.

त्यानंतर माणसं गळायला लागली. ड्रायव्हर म्हणाला, गुडघे दुखतात. एक जण म्हणाला, बायकोला बरं नसतं. एकाला दुकानातून सुट्टी मिळेना. प्रत्येक कारण पटण्यासारखं होतं, आणि म्हणूनच ती एकामागोमाग एक आली तेव्हा थोरलीला ती खरी वाटेनात.

तिने नवी माणसं मिळवायचं ठरवलं. शाळेच्या हॉलमध्ये सभा बोलावली. काय बोलायचं तेही मनाशी जुळवलं होतं: वर आलेला माणूस पहिला श्वास कसा घेतो, तो कसा सगळ्यांचे हात धरून बसतो, सोडतच नाही. पण आदल्या रात्री झोप नव्हती, आणि समोर भरलेल्या खुर्च्या बघून ती जुळवलेलं सगळं विसरली. तिने भिंतीवर खाणीचा नकाशा लावला, त्यातले लाल ठिपके दाखवले आणि तिच्या तोंडून निघालं, "तुम्ही आत्ता बसलाय त्या फरशीखाली काय आहे, माहीत आहे का कुणाला?"

खुर्च्या करकरल्या. पुढच्या रांगेतल्या एका बाईंनी पाय उचलून खुर्चीच्या आडव्या दांडीवर ठेवले. थोरलीला थांबता येईना. पाण्याने माती कशी वाहून जाते, माणूस किती वेळ तग धरतो, गाडी यायला किती वेळ लागतो, सगळं सांगत गेली. "उद्या तुमच्या घरातलं कुणी पडलं आणि वर दोर धरायला कुणीच नसलं, तर?" ती म्हणाली आणि वाट बघत उभी राहिली. कुणी घड्याळ बघितलं, कुणी चप्पल. एक बाप मुलाला कडेवर घेऊन निघून गेला, तोही भिंतीच्या कडेकडेने, पाय जपून टाकत.

मग मागच्या रांगेत एक हात वर आला. तो धाकटीचा होता, तिच्या जावेचा.

खुर्च्या रचताना वेल्डर म्हणाला, "मॅडम, राग मानू नका. तुमचं भाषण ऐकून मलाच पथक सोडावंसं वाटलं."

"खरं तेच सांगितलं मी."

"खरंच होतं. डॉक्टर इंजेक्शन देताना सुईची लांबी सांगतो का?"

घरी जाताना थोरलीने धाकटीला विचारलं, "तू कशाला हात वर केलास?"

"कुणीच करत नव्हतं म्हणून."

"हे काय कारण झालं?"

"ताई, तुम्ही तिथे एकट्या उभ्या होतात आणि सगळे खाली बघत होते. मला बघवेना."

"तुझी पोर अजून बालवाडीत जाते."

"म्हणजे सकाळी मी मोकळी असते," धाकटी म्हणाली आणि हसली. थोरलीला हसू आलं नाही. एवढ्या माणसांतून नेमकी हीच. भिंतीपलीकडे झोपणारी, जिच्या केसांचा वास तिला ओळखता यायचा. आता खाली जाईल ती ही, आणि वर असेल तो आपला हात.

सरावासाठी गिरणीमागचं जुनं विवर होतं. त्याच्या भिंती पक्क्या बांधलेल्या, धोका नाही. धाकटीला पट्टे बांधले, शिरस्त्राण घातलं, मनगटाला खुणेचा दोर बांधला. ती न कुरकुरता उतरली. अर्ध्यावर जाऊन थांबली. थोरलीने दोन झटके दिले: खाली. ती थोडी गेली, पुन्हा थांबली. मग खालून तीन झटके आले, घाईघाईचे. वर घ्या.

वर आली तेव्हा तिच्या ओठांवरचा रंग गेला होता.

"घाबरलीस होय गं?" शिंपी मायेने म्हणाला. "पहिल्या खेपेला सगळेच घाबरतात. माझी तर एक चप्पल अजून खाली आहे."

"घाबरले नव्हते काका. ताईंनीच वर बोलावलं."

"मी?" थोरली म्हणाली.

"दोर हलवत होतात ना तुम्ही? सारखा. आधी वाटलं थांब म्हणताय. मग दोन झटके आले ते कळले, पण त्यानंतर पुन्हा हलायला लागला. तुम्हीच शिकवलंत, नुसता हलत राहिला तर वर यायचं."

वेल्डर दोराची वेटोळी घालायला लागला, गरजेपेक्षा फारच मन लावून. शिंपी चष्मा शोधायला लागला, तो त्याच्या नाकावर होता.

"वाऱ्याने हलला असेल," वेल्डर दोराकडे बघत म्हणाला.

वारा नव्हता. गिरणीच्या धुराड्याचा धूर सरळ वर चालला होता. थोरलीने तो बघितला, आणि वेल्डरने तिला बघताना बघितलं.

तोवर तिची भीती जमिनीची होती. रस्त्यावरून चालताना फरशीचा आवाज भरीव येतो की पोकळ, इकडे तिचा कान असायचा. आता भीती मनगटाच्या अलीकडे आली. भाजी चिरताना ती स्वतःच्या बोटांवर नजर ठेवायची, जशी एखाद्या भरवसा नसलेल्या माणसावर ठेवतात. तिने चहा सोडला. हातमोजे घालून पाहिले. दोर कोपराला वळसा देऊन धरून पाहिला. कपटा हलायचा तो हलतच राहिला.

पण मोजल्याशिवाय मानायचं नाही, ही तिची सवय होती. एका सुट्टीच्या दुपारी घरात बाकी कुणी नसताना तिने खुणेचा दोर स्वयंपाकघरातून दाराच्या फटीखालून सासऱ्यांच्या खोलीत नेला. सासरे पलंगावर बसून रेडिओ ऐकत होते. त्यांच्या हातात तिने टोक दिलं.

"बाबा, हे धरा. मी तिकडून खुणा करीन, काय येतंय ते मोठ्याने सांगा. रेडिओ बंद करते."

"बातम्या लागल्या होत्या."

"पुन्हा लागतील."

ती स्वयंपाकघरात आली, दोर ताणून धरला. दोन झटके दिले.

"दोन," खोलीतून आवाज आला.

एक दिला. "एक." तीन दिले. "तीन. पुढचं बोल."

मग तिने काहीच केलं नाही. हात स्थिर ठेवला, निदान ठेवायचा तेवढा ठेवला. नळाचा थेंब बादलीत पडत होता.

"बाबा?"

"हलतोय."

"मी काही करत नाहीये."

"ते कळतंय." सासऱ्यांनी दोर बोटांत चाचपला. "मी खाली असतो तर विचारलं असतं, आज वर कोण आहे. वरचं माणूस घाबरलंय. मग खालच्याने काय करायचं?"

तिने दोर गोळा केला आणि त्यांच्या खोलीत जाऊन पलंगाच्या कडेला बसली. सासऱ्यांनी आपलं टोक सोडलं नव्हतं.

"ड्रायव्हरचे गुडघे ठणठणीत आहेत," ते म्हणाले. "गुडघे गेलेला माणूस जिना कसा उतरतो, ते मी रोज अनुभवतो. तो आपला धावत उतरतो."

"तुमच्याकडे आला होता?"

"आला होता. त्या बाजारामागच्या खेपेला कड ढासळली, त्यानंतर वर ओढून काढेपर्यंत दोर त्याला सारखा सांगत होता, मेलास, मेलास. त्याची झोप उडाली. तुला सांगायला जीभ रेटली नाही त्याची."

"बाकीच्यांची?"

"बाकीच्यांनी त्याचं तोंड बघितलं आणि ओळखलं."

थोरली पायाच्या अंगठ्याने फरशीवरची रेघ घासत राहिली. "मग दोर कुणाला देऊ, बाबा? आहे कोण?"

"तू कुणाला धरायला शिकवलंस?"

तिने कुणालाच शिकवलं नव्हतं. आपण धरला तर चूक होणार नाही, असं वाटत आलं होतं, आणि ते वाटणं इतकं जुनं होतं की ती त्याला जबाबदारी म्हणायची.

"मी सोडला तर उरलेलेही जातील," ती म्हणाली. "म्हणतील, हीच घाबरली तर आमचं काय."

"हं," सासरे म्हणाले, बातम्या ऐकताना म्हणायचे तसं. "आणि धरून ठेवलास तर?"

पुढच्या सरावाला सांगायचं, असं तिने ठरवलं. त्या सरावाला माणसं कमी आली, म्हणून नाही सांगितलं. त्याच्या पुढच्या सरावाला गिरणीतले दोघं नुसते बघायला आले होते. नव्या माणसांसमोर कसं सांगायचं, म्हणून तेव्हाही नाही. वाक्य तयार होतं. दात घासताना, बसच्या रांगेत, फ्लास्क धुताना ती ते मनात म्हणून बघायची. तीन शब्दांचंच होतं, पण ओठांशी आलं की त्याला फाटे फुटायचे.

फोन आला तो सकाळी, ती प्रयोगशाळेत असताना. पाण्याच्या मीटरचं वाचन करणारा माणूस पडला होता. तो तिच्याच खात्यातला. रोज दारातून डोकावून "मॅडम, आज पाणी पिऊ की नको?" असं विचारायचा आणि उत्तर न ऐकता निघून जायचा. एका घराच्या अंगणात तो मीटरच्या पेटीवर वाकला आणि पेटीसकट आत गेला.

थोरली पोचली तेव्हा अंगणाभोवती गर्दी अडवायची पट्टी बांधून झाली होती. पट्टीपलीकडे गल्ली जमली होती. अंगणाच्या मधोमध भोक होतं, परातीएवढं, कडेची फरशी दात पडल्यासारखी. तुटक्या पाइपमधून पाणी आत झिरपत होतं. आतून आवाज येत होता, माणसाचा होता एवढंच कळत होतं. शिंपी पालथा पडून बॅटरीने बघत होता.

"दिसतोय," तो म्हणाला. "वळणाशी अडकलाय, एक हात हलतोय. पण पाणी वाढतंय."

वेल्डरने भोकाकडे बघितलं, मग आपल्या खांद्यांकडे. "मी बुचासारखा बसेन त्यात."

"मी जाते," धाकटी म्हणाली. ती बालवाडीत पोरीला सोडून तशीच आली होती, पोरीचं छोटं दप्तर अजून तिच्या खांद्याला होतं. ते तिने काढून त्या घराच्या पायरीवर ठेवलं. "माझेच खांदे लहान आहेत इथे."

पट्टे बांधले. तिपाई उभी राहिली. या खेपेला तिचे तिन्ही पाय जाड फळ्यांवर ठेवले होते. वेल्डर आणि गिरणीतल्या दोघांनी जाड दोर धरला. ते बघायला आलेले दोघं आज न बोलावता पट्टीच्या आत आले होते. धाकटीच्या मनगटाला शिंप्याने खुणेचा दोर बांधला, गाठ ओढून बघितली, आणि दुसरं टोक नेहमीसारखं थोरलीच्या हातात दिलं.

त्या दोघी समोरासमोर उभ्या होत्या, मध्ये भोक. दोर अजून ताणलेला नव्हता, त्याचा सैल झोळ ओल्या फरशीवर पडला होता. थोरलीने त्याच्याकडे बघितलं. झोळावरून बारीक लाटा जात होत्या, एकीमागून एक, तिच्याकडून धाकटीकडे. फरशीवरच्या पाण्यातही त्यांच्या रेघा उमटत होत्या.

धाकटीनेही बघितलं. दुसऱ्या हाताने तिने तो दोर मनगटापाशी हलकेच धरला, थरथरणाऱ्या प्राण्याला धरतात तसा. मग म्हणाली, "ताई, निघू?"

आतून पुन्हा आवाज आला, या वेळी आधीपेक्षा खालून आल्यासारखा.

थोरलीला पुढचं दिसत होतं. ही आत वळणाशी पोचेल, अंधारात, छातीला दगड लागलेले, आणि हा दोर तिला सांगत राहील, मेलीस, मेलीस. ती वर यायला बघेल. किंवा येणार नाही, आणि खरंच जमीन सुटेल तेव्हा ती म्हणेल, ताईंचा हात कापतोय, दुसरं काही नाही. या दोन्हींपैकी कुठलं जास्त वाईट, हे तिला ठरवता येईना.

तिने मान वर केली. पट्टीपलीकडच्या गर्दीत, पहिल्या रांगेत, ड्रायव्हर उभा होता. हातात बसच्या किल्ल्या होत्या, आणि तो भोकाकडे बघत नव्हता. तिच्या हाताकडे बघत होता.

"ड्रायव्हरदादा," ती म्हणाली, "आत या."

सगळ्यांची तोंडं त्याच्याकडे वळली. तो एक पाऊल मागे सरला. "मॅडम, माझे गुडघे..."

"गुडघे राहू द्या. खाली असताना वरून काय हवं असतं, ते इथे तुमच्याइतकं कुणाला माहीत नाही." तिचा आवाज फुटत होता, पण गल्लीच्या टोकापर्यंत जात होता. तिने दोर धरलेला हात सगळ्यांना दिसेल असा पुढे केला. "माझा हात कापतो. तुम्हाला तो खालून कळला होता, हिलाही कळला, मलाच बोलायला उशीर झाला. खुणेचा दोर मी धरणार नाही. तुम्ही धरा."